सांगली-मिरजेत रोजच्या कामाची सायकल: कोणती घ्यावी, कशी राखावी?

हरिपूररोड

ऑफिसात आणि कॉलनीत मिळून बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: कामावर जायला-यायला सायकल घ्यायची आहे, कोणती घेऊ? दुकानात पाय ठेवला की समोर जाड टायरच्या, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि २१ गिअर लावलेल्या सायकली ओळीनं उभ्या असतात. साधी काळी सायकल मागे कुठंतरी असते. माणूस समोरचीच घेऊन येतो. पहिल्या पावसाळ्यानंतर गिअर अडकायला लागतात, शॉकअप गंजून घट्ट होतो आणि सायकल जिन्याखाली जाऊन बसते. मग घरचे म्हणतात, "बघा, नुसती हौस." ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं. चालवायची इच्छा असलेल्या कितीतरी लोकांची सायकल अशी चुकीच्या निवडीपायी सुटते.

हा धागा रविवारी पहाटे दंडोबाच्या डोंगरावर जाऊन येणाऱ्या मंडळींसाठी नाही, त्यांना आपलं सामान चांगलं कळतं. विश्रामबागेतून मार्केट यार्डात जाणारा, माधवनगरहून स्टेशनवर येणारा, कुपवाडला पाळीला जाणारा, मिरजेत दवाखान्यात ड्युटी करणारा माणूस, शाळा-क्लास करणारी मुलं आणि दळण-भाजी आणणारी घरातली माणसं यांच्यासाठी लिहितोय.

आपला मुलूख कृष्णाकाठचा, सपाट. सांगली ते मिरज जेमतेम दहा किलोमीटर. वाटेत चढ म्हणावा तर कृपामयीजवळचा रेल्वेपूल. साध्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चाकाच्या दातेरी चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ दाते धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक अडीच वेळांपेक्षा थोडं कमी फिरतं, आणि २८ इंची चाक असेल तर सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढं सरकते. मिनिटाला ५० ते ६० पायडल, म्हणजे दम न लागता बोलत-बोलत जाण्याचा वेग, तासाला १६ ते २० किलोमीटर पडतो. सिग्नल आणि गर्दी धरून पाऊण तासात मिरज. सपाटीवर एवढ्यासाठी गिअर लागत नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: सांगलीत रोजच्या कामाला बिनगिअरची, बिनशॉकअपची, लोखंडी फ्रेमची सायकल घ्या. पण चार गोष्टी तिच्यावर असल्याच पाहिजेत. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, दणकट कॅरिअर आणि दोन पायांचा स्टँड. आपल्या काळ्या मातीचा चिखल पावसात टायरला चिकटतो आणि थेट पाठीवर उडतो. चेनकव्हर नसेल तर पायजमा, साडी, पँट, सगळं ग्रीसमध्ये. स्टँड एका पायाचा असेल तर कॅरिअरवर दळणाचा डबा ठेवता येत नाही, सायकल कलंडते. दुकानदार म्हणतात, "हे सगळं नंतर लावून घ्या." नंतर लावलेला मडगार्ड खडखडतो. मुळातच बसवलेलं घ्या.

स्वस्त सायकलच्या शॉकअपबद्दल वेगळं सांगतो. तो सायकलचं वजन वाढवतो, पायडल मारताना जोर खातो आणि खड्ड्यात फारसं काही करत नाही. त्यापेक्षा रुंद टायर, योग्य हवा आणि स्प्रिंगची सीट या तिन्हीनं सांगलीचे खड्डे जास्त सुसह्य होतात.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखले की सायकलला दोष देतात.

---

मिरजमिस्त्री

दादा, चांगला विषय काढला. माझं मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझ्याकडून थोडी भर.

पहिली गोष्ट मापाची. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "२६ ची ट्यूब-टायर द्या." २६ म्हणजे कुठलं २६? साध्या आणि लेडीज सायकलला २६ × १⅜ येतं, त्याच्या रिमचं माप ५९० मिलिमीटर. जाड टायरच्या सायकलला २६ × १.९५ किंवा २.१० येतं, ते ५५९. दोन्हीवर २६ छापलेलं, पण एकाचं टायर दुसऱ्यावर जन्मात बसणार नाही. काळ्या मोठ्या सायकलचं २८ × १½ म्हणजे ६३५. आताच्या पातळ टायरच्या ७०० सी सायकली आणि नव्या २९ इंची, दोन्ही ६२२. आणि २७.५ म्हणजे ५८४. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३७-५९० किंवा ४०-६३५ असं छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा लिहून आणा, इंचांचा घोळच राहत नाही.

आणि जुन्या लोकांची "२२ इंची", "२४ इंची" ही मापं चाकाची नाहीत, फ्रेमची आहेत. दोन्हीला चाक २८ चंच. २४ इंची उंच माणसाला. तुमची उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर २२ च घ्या.

नवी सायकल खोक्यातून सुटी येते, दुकानात जोडतात. जोडणाऱ्याला घाई असते. कोन, म्हणजे चाकाच्या आसावर छर्रे (पोलादी गोळ्या) जागी धरणारे नट, फार आवळलेले असतात आणि छर्ऱ्यांना ग्रीस नावापुरतं. घेतल्यावर महिन्याभरात एकदा सगळं उघडून ग्रीस भरून घ्या, चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढून घ्या. चाकाच्या तारा सुरुवातीला सैल पडतात, तेव्हा एकदा नीट ओढल्या की पुढं वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे घरी पाना घेऊन बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा. उलटा फिरवून आटा खाल्ला की क्रँकच बदलावा लागतो.

---

शाहूपुरीकर

सातारहून लिहितोय. हरिपूररोड, तुमचं सगळं सांगलीपुरतं बरोबर आहे, पण इथं वाचणारे सगळे सांगलीचे नाहीत. हाच सल्ला साताऱ्यात कुणी पाळला तर सायकल हातात धरून चालावं लागेल.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं निघा, तिथून समर्थ मंदिर, तिथून बोगदा, वर-वरच जायचं. उलट दिशेनं माहुलीकडं उतार. ४४-१८ च्या साध्या सायकलवर समर्थ मंदिराचा चढ तरुण माणूस उभा राहून काढेल, पण पन्नाशीच्या माणसानं रोज ऑफिसला जाताना का काढावा? पुढं २८ दाते आणि मागं २८ दाते असं जुळलं की पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं, सायकल दोन मीटरच सरकते, पण गुडघ्यावरचा जोर निम्म्याहून कमी होतो. चढाला हेच पाहिजे. म्हणून साताऱ्यात गिअर घ्या, पण २१ चा हट्ट नको. मागं सात आणि पुढं एकच लहान चक्र, एवढ्यात सगळं भागतं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा पुढचा डिरेलर नसला की बिघाडही निम्मे.

गिअरपेक्षा महत्त्वाचा मुद्दा ब्रेकचा. काळ्या सायकलला लोखंडी चकचकीत रीम आणि दांडीचे ब्रेक, म्हणजे केबलऐवजी लोखंडी सळईनं ओढले जाणारे. कोरड्यात ठीक. पावसात त्या रिमवर रबर नुसतं घसरतं, दाबलं तरी सायकल पुढं जातच राहते. साताऱ्याचा पाऊस आणि साताऱ्याचा उतार एकत्र आले की हे जिवावर बेतणारं आहे. ॲल्युमिनिअमच्या रिमवर ओल्यातही ब्रेक पुष्कळ बरा लागतो. यवतेश्वरचा घाट उतरायचा असेल तर दोन्ही ब्रेक आलटून-पालटून लावायचे, एकच धरून ठेवायचा नाही. रीम तापते.

---

हरिपूररोड

शाहूपुरीकर, ब्रेकचा मुद्दा सांगलीलाही लागू आहे. सपाटीवरही समोर अचानक म्हैस आली तर थांबायलाच लागतं. बिनगिअरची सायकल ॲल्युमिनिअमच्या रिमची आणि केबलच्या ब्रेकची मिळते, थोडे पैसे जास्त जातात. पावसात चालवणार असाल तर तीच घ्या.

---

चिंचबन

कुणी लेडीज सायकलबद्दल बोलेल म्हणून वाट बघत होते. अखेर मीच लिहिते.

दांडी नसलेली सायकल फक्त बायकांची हा समज सोडा. माझ्या सासऱ्यांना पाय टाकून मागून चढणं जमेना, तेव्हा त्यांनी सायकलच बंद केली होती. आम्ही त्यांना २६ × १⅜ ची बिनदांडीची सायकल आणली. सुरुवातीला लाजले. आता भाजी, बँक, गणपतीचं दर्शन सगळं तिच्यावरच. ज्यांची कंबर, गुडघे कुरकुरतात त्या प्रत्येक पुरुषाला माझं हेच सांगणं आहे. थांबल्यावर दोन्ही पाय सरळ जमिनीला टेकतात, कॅरिअरवर सामान असलं तरी पाय मागून फिरवावा लागत नाही.

साडी किंवा ओढणी घेऊन चालवायची तर मागच्या चाकाला जाळी पाहिजेच. चेनकव्हर असून जाळी नसली तर ओढणी तारांत जाते. ओढणीला गाठ मारून चालवायची सवय मुलींना पहिल्या दिवसापासून लावा.

लहान मुलाला पुढं बसवायचं असेल तर नुसती दांडीवर छोटी सीट नको. पाय ठेवायला आधार असलेली, पाठ टेकवायला जागा असलेली सीट घ्या. मागं बसवलं तर पाय चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा. या एका गोष्टीत काटकसर करू नका, चाकात पाय गेलेलं मूल मी बघितलंय.

आणि हो, सांगलीवाडीहून आयर्विन पुलावरून शाळेला येणाऱ्या मुली बघितल्या की मला फार बरं वाटतं. १९२९ सालचा अरुंद पूल, बाजूनं गाड्या, आणि या पोरी एकामागोमाग एक शिस्तीत जातात. त्यांना मोठ्यांनी थोडी जागा द्यावी, हॉर्न वाजवून घाबरवू नये, एवढीच अपेक्षा.

---

पत्र्याचाबिल्ला

सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, म्हणून थोडं जुनं सांगतो. तरुणांना हे आता कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची मुळं सायकलच्या दुकानात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली बेळगावला पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. १८८८ साली बेळगावात हे दुकान सुरू झालं. सायकल उघडायची, जोडायची, तिचे सुटे भाग समजून घ्यायचे, यातून यंत्राची नजर तयार झाली. पुढं कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ चा लोखंडी नांगर. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला तो आजचा किर्लोस्करवाडी, पलूस तालुका. काळ बघा: इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीनं दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली 'रोव्हर' सायकल आणली १८८५ ला, आणि डनलॉपनं हवेचं टायर काढलं १८८८ ला. तीन वर्षांत सायकल बेळगावात विकली जात होती!

आमच्या तरुणपणी सायकल ही मालमत्ता होती. त्या काळी गावोगावच्या नगरपालिका सायकलवर वर्षाचा कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या, तो हँडलला किंवा चाकाच्या आसाला लावायचा. बिल्ला नसेल तर दंड. रात्री दिवा नसेल तर पोलीस थांबवायचे, डबलसीट दिसलं तर चाकातली हवा सोडायचे. डायनामो असलेला माणूस ऐटीत जायचा. ज्यांच्याकडं नव्हता ते पोलीस दिसला की उतरून चालायला लागायचे.

आणि तासानं मिळणाऱ्या सायकली! दुकानदार वहीत नाव लिहायचा, ओळखीचा असेल तरच द्यायचा. आमची सगळी पिढी त्या भाड्याच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकली. मोठी सायकल, लहान पोरगं, सीटवर बसलं तर पाय पुरायचे नाहीत. आता मुलांच्या मापाच्या सायकली मिळतात ही फार चांगली गोष्ट झाली.

'ॲटलस' १९५१ ची, सोनीपतची. 'हिरो' १९५६ ची, लुधियानाची. यांनी सायकल गरिबाच्या घरात नेली. 'ॲटलस'चा शेवटचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, जागतिक सायकल दिनालाच, बंद झाला तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं.

---

तासगाववेस

काका, किर्लोस्करांचं वाचून मजा आली. आमच्या घरी गोठ्यात आजोबांची २४ इंची काळी सायकल पडून आहे. टायर कुजलेत, पायडल फिरताना कट-कट आवाज येतो, सगळीकडं गंज. मी कुपवाडला नोकरीला आहे. तीच दुरुस्त करून वापरावी का नवी घ्यावी? मिरजमिस्त्री, सांगा.

---

मिरजमिस्त्री

आधी पुढचं बघा, मग ठरवा.

फ्रेमचे सांधे, विशेषतः हँडलच्या नळीखालचा आणि पायडलच्या आसाभोवतीचा. रंग उडालेला चालेल, पण भेग दिसली तर ती फ्रेम सोडून द्या. मग पुढचं चाक धरणारा चिमटा, समोरून आणि बाजूनं बघायचा, वाकलेला नको. मग रीम. जिथं तार बसते त्या भोकांभोवती गंजून पत्रा पातळ झाला असेल तर रीम बदला. वरवरचा गंज असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं निघतो.

कट-कट आवाज बहुतेक कॉटरचा. कॉटर म्हणजे क्रँक आसाला अडकवणारी पाचर. झिजली की क्रँक हलतो आणि दर फेऱ्याला आवाज येतो. फार स्वस्त वस्तू. पण हातोड्यानं नुसती ठोकून घेऊ नका, नवीच घाला. ठोकलेली पुन्हा सैल होते आणि आस खराब करते.

चेन मोजा. पट्टी ठेवून २४ कड्या मोजल्या तर बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. त्याहून एक-अष्टमांश इंच वाढली असेल तर चेन गेली, आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलही बघून घ्या. जुन्या दात्यांवर नवी चेन घसरते.

फ्रेम, चिमटा आणि रिमा चांगल्या असतील तर डोळे झाकून दुरुस्त करा. त्या काळचं लोखंड जाड आहे. टायर ४०-६३५ चे, अजून सगळीकडं मिळतात.

---

कारखानारोड

रस्त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. सायकल कितीही चांगली असो, आपल्याकडं गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पार उन्हाळा लागेपर्यंत, ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हा सायकलवाल्याचा सगळ्यांत मोठा धोका आहे. एकामागं दोन ट्रॉल्या. पुढचा ट्रॅक्टर बाजूनं निघून गेला की माणसाला वाटतं झालं, आणि मागची ट्रॉली वळणावर आत येते. ट्रॉलीला मागं दिवा नसतो, बाहेर आलेला ऊस हँडलला अडकतो. म्हणून ट्रॅक्टर जवळ आला की थांबा, सायकल रस्त्याच्या खाली घ्या, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. शर्यत नको.

अंधारात पुढं पांढरा दिवा, मागं लाल. चार्जिंगचे छोटे दिवे आता स्वस्त झालेत. ट्रॉलीवाल्याला बाजूनंही दिसलं पाहिजे म्हणून तारांमध्ये रिफ्लेक्टर लावा. पायडलवर पिवळे रिफ्लेक्टर असतील तर काढू नका. पाय वर-खाली होतात तसे ते हलतात आणि लांबून ओळखू येतं की पुढं सायकल आहे.

---

चिंचबन

कारखानारोड, अगदी योग्य. हे शाळांमध्ये सांगायला हवं. मी माझ्या मुलीला सांगितलंय, कानात काही घालून चालवायचं नाही.

---

सराटा

पंक्चर! रोजच्या सायकलवाल्याचा खरा त्रास हाच. मी बुधगावकडून येतो. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि ऊन पडलं की सराटे. सायकल घेतल्यापासून निम्मा वेळ पंक्चरवाल्याकडंच जातोय. काही उपाय?

---

मिरजमिस्त्री

सराटे कडेच्या मातीत असतात, डांबरावर कमी. गाड्या येतात म्हणून आपण कडेला जातो आणि काटे घेतो. माती टाळून डांबराच्या कडेला चालवा.

टायर गुळगुळीत झालं असेल तर आधी ते बदला, अर्धी पंक्चर तिथंच कमी होतील. हवा कमी ठेवून चालवू नका. कमी हवेत टायर जमिनीवर जास्त पसरतं, ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. तुमच्या ट्यूबला अशी जोडी दिसली तर तो काट्याचा दोष नाही, हवेचा आहे. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं.

पंक्चर काढून घेताना मिस्त्रीला सांगा, टायरच्या आतून सगळीकडं बोट फिरवा. काटा टायरमध्ये तसाच राहतो आणि नवं ठिगळ लावूनही दुसऱ्या दिवशी हवा जाते. गिऱ्हाईकाला वाटतं ठिगळ खराब लावलं.

साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते, तिला आम्ही वालट्यूब म्हणतो. उन्हानं ती चिरते आणि हवा हळूहळू जाते. पंक्चर समजून चाक खोलायच्या आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर फक्त वालट्यूब बदला. दोन मिनिटांचं काम. नव्या सायकलींना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह येतो, त्यात हवा पेट्रोलपंपावर भरता येते, पण जपून. मोठ्या कॉम्प्रेसरनं सायकलची ट्यूब क्षणात फुटते.

---

शाहूपुरीकर

इलेक्ट्रिक सायकलचा विषय राहिला. साताऱ्यासाठी मला ती फार योग्य वाटते. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्यानं ते मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून नोंदणी नाही, लायसन्स नाही. घेताना मोटरला पायडलची साथ देणारी घ्या, नुसती मूठ पिळून पळणारी नको. आणि बॅटरी काढून घरात चार्ज करता येते का ते बघा.

---

गावभाग

पुराबद्दल लिहितो, कारण सांगलीत सायकल ठेवणाऱ्याला हे माहीत असायलाच पाहिजे. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या सायकली बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी त्या नळाखाली धुतल्या, उन्हात वाळवल्या, तेल सोडलं आणि चालवायला लागले. वरून चकाचक. काही महिन्यांत चाकं खरखरायला लागली आणि आस गेले.

पुराचं पाणी साधं पाणी नसतं. त्यातला बारीक गाळ छर्ऱ्यांमध्ये शिरतो, ग्रीसमध्ये मिसळतो आणि घासपेपरचं काम करतो. वरून तेल सोडलं तर तो गाळ आणखी आत जातो. म्हणून बुडालेली सायकल चालवूच नका. दोन्ही चाकांचे आस, पायडलचा आस, हँडलची बैठक, फ्रीव्हील सगळं उघडायचं, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, खड्डे पडलेले छर्रे टाकून नवे घालायचे, ताजं ग्रीस. सीटची दांडी बाहेर काढून सायकल उलटी करायची, फ्रेमच्या नळ्यांतलं पाणी तिथून बाहेर येतं. ते आत राहिलं तर फ्रेम आतून गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पाण्याची पातळी वाढायला लागली की आम्ही आता सायकली आधी वरच्या मजल्यावर नेतो. साध्या सायकलीचा हाही एक गुण आहे, दोघांनी उचलली की जिना चढते. मोटारसायकली खालीच राहतात.

पण हेही लिहितो. पाणी ओसरताना, रस्त्यावर चिखल आणि पेट्रोलपंप बंद असताना, आमच्या भागात पिण्याच्या पाण्याचे जार, औषधं, दूध जिथं गाडी जाईना तिथं सायकलवरून गेलं. कॅरिअरला दोरीनं बांधून. पोरांनी न सांगता केलं ते काम.

---

पत्र्याचाबिल्ला

गावभाग, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मी विश्रामबागेत असतो. त्या पोरांना मी पाहिलंय.

---

मिरजमिस्त्री

गावभागनं सांगितलेलं शंभर टक्के खरं. २०१९ नंतर माझ्याकडं आलेल्या सायकलींत ज्यांनी लगेच उघडून घेतल्या त्या अजून चालतात. मागच्या चाकात पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. पुढच्यात बारीक, तीन-सोळांश इंची. सगळे नवे घातले तरी खर्च फार नसतो, मजुरीच जास्त.

---

तासगाववेस

धागा वर आणतोय. आजोबांची सायकल उघडून घेतली. फ्रेम आणि चिमटा सरळ निघाले. पुढची रीम ठीक होती, मागची भोकांपाशी गेली होती, ती ॲल्युमिनिअमची घातली. त्यामुळं मागचा दांडीचा ब्रेक काढून केबलचा बसवावा लागला. कॉटर दोन्ही नवे, चेन मोजली तर पाव इंच वाढलेली, म्हणून चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलले. टायर ४०-६३५ चे मिळाले. मिस्त्रीनं मूळचं चेनकव्हर ठोकून सरळ करून दिलं. कुपवाडला पाळीला आता तिच्यावरच जातो.

एकच अडचण आहे. माझी उंची पाच फूट चार इंच आणि सायकल २४ इंची. सीट पार खाली घेतली तरी पायडल खाली गेलं की पाय ताणावा लागतो, आणि थांबताना दांडीवरून एका बाजूला झुकावं लागतं. यावर काही करता येईल का?

---

मिरजमिस्त्री

स्प्रिंगची सीट काढून चपटी, बिनस्प्रिंगची घाला. तेवढ्यानं इंच-दीड इंच सहज कमी होतं. तरी ताणावं लागलं तर हट्ट करू नका, कंबर धरेल. घरात कुणी उंच असेल त्याला ती द्या आणि तुमच्यासाठी २२ ची फ्रेम शोधा. जुन्या चांगल्या फ्रेमा माझ्याकडं येत असतात. तुमची नवी रीम, टायर, चेन सगळं तिच्यावर जसंच्या तसं बसेल, चाक दोन्हीला २८ चंच.